सातवीचा वर्ग, एक कादंबरी आणि बहात्तर शब्द : एक प्रकरण अभ्यास

अंबाजोगाई आणि लातूर यांच्या मधल्या पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग सातवी, पटावर २४ मुलं. एक कुमार कादंबरी वाचता वाचता या मुलांचा मराठी शब्दसंग्रह कसा वाढवायचा, हा या प्रकरणाचा विषय. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. या भागातल्या बऱ्याच शाळांत दिसणारी परिस्थिती एका वर्गाच्या रूपात मांडली आहे, म्हणून गावाचं किंवा शिक्षकांचं नाव दिलेलं नाही.

मुलं बोलायला तल्लख. काल शेतात काय झालं ते विचारलं तर बैल कसा उधळला, आजा कसा ओरडला, सगळं हातवारे करून सांगतील. तीच मुलं कागदावर लिहायला बसली की शब्द आटतात. माणूस कसाही बोलला तरी ‘म्हणाला’, कसाही चालला तरी ‘गेला’, आणि मनात काहीही असलं तरी ‘त्याला वाईट वाटलं’. पाठ्यपुस्तकात धड्याखाली शब्दार्थ असतात. ते पाठ होतात, चाचणीत उतरतात आणि विरून जातात. यात मुलांचा आळस शोधण्यात अर्थ नाही. धडा दोन-तीन पानांचा. त्यात आलेला ‘कानोसा’ पुढच्या धड्यात भेटेल याची काहीच हमी नाही, आणि जो शब्द परत भेटत नाही तो राहत नाही. कादंबरीत लेखक एकच, माणसं तीच, घटना एकमेकींत गुंतलेल्या. म्हणून त्यातले शब्दही फिरून फिरून येतात. शब्दसंग्रहासाठी कुमारांची कादंबरी निवडण्याचं हे खरं कारण. वाचनाची गोडी वगैरे लागते, ते अर्थातच हवं आहे, पण या कामाचा पाया पुनरावृत्ती हा आहे.

दुसरी अट वेळेची. या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर मागे राहतात, काही सोबत जातात. म्हणजे अख्खा वर्ग एकत्र मिळतो तो जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत. त्यातले पहिले दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात, शेवटचे प्रथम सत्राच्या परीक्षेत. हाताशी उरतात जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर.

पहिली पद्धत आणि ती का फसली

सुरुवातीला जे सगळीकडे करतात तेच झालं. प्रत्येकाने रोज कादंबरीतले दहा कठीण शब्द शोधायचे, शब्दकोशातून अर्थ काढायचे, वहीत लिहायचे. दोन आठवड्यांत वह्या भरल्या आणि कादंबरी विसाव्या पानावर अडकली.

वह्या नीट तपासल्यावर बिघाड कळला. मुलांनी शब्द निवडले होते ते दिसायला अवघड म्हणून: जोडाक्षरांचे, लांबलचक, बहुतेक नामं. ‘दबकत’, ‘न्याहाळत’, ‘चाचरत’ ही साधी दिसणारी क्रियारूपं कुणीच टिपली नव्हती, कारण त्यांच्याशिवायही वाक्य पुढे सरकतं. आणि खरी संपत्ती तिथेच होती. दहाचा कोटा पुरा करायचा म्हणून ज्यांना शब्द अडले नव्हते त्यांनीही दहा लिहिले. ज्यांना तीस अडले त्यांनीही दहाच. एका हुशार मुलीची वही चार हातांतून फिरली होती. सगळ्यात मोठं नुकसान गोष्टीचं झालं. दर ओळीला थांबून कोश उघडला की पुढे काय झालं याची ओढच मरते, आणि ओढ मेली की मूल पान उलटत नाही. पान उलटलं नाही तर शब्द परत भेटणार कुठे?

‘नुसतं वाचू द्या, शब्द आपोआप येतील’ हा दुसरा सल्लाही अर्धाच खरा आहे. १९९९ साली स्वानबोर्न आणि डी ग्लोपर या संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. सहज वाचताना समोर आलेल्या १०० अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ पदरात पडतात, असं त्यांतून निघालं. वर्षभर ढीगभर पुस्तकं वाचणाऱ्या मुलाला हे प्रमाण पुष्कळ आहे. ज्याच्या वाट्याला वर्षाला एकच कादंबरी येते त्याला ते पुरत नाही.

पुस्तक कसं ठरवलं

निवडीसाठी पान-चाचणी घेतली. तीन पुस्तकं, प्रत्येकातली तीन पानं: एक सुरुवातीचं, एक मधलं, एक शेवटाकडचं. मुलांनी वाचायचं आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने ठिपका द्यायचा. अर्थ विचारायचा नाही, शिक्षकांनी जवळ घुटमळायचं नाही; नाहीतर मुलं लाजून ठिपके कमी देतात.

ठिपके वाचायचे कसे? हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी मजकुरावर दाखवलं होतं, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट समजायची असेल तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण अंदाजाला तो चालतो. या पुस्तकांत पानावर साधारण २२० शब्द होते. त्यात चार-पाच ठिपके असतील तर मूल एकटं वाचेल. दहा-अकरापर्यंत असतील तर सोबत लागेल. त्यापुढे ते पुस्तक यंदा नको.

साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ विचारात होतं. त्याचा एक मोठा व्यावहारिक फायदा आहे. गुरुजींचं निधन १९५० साली झालं आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यातली हवी ती पानं बिनधास्त छापून वाटता येतात. पण त्यातलं जग कोकणातलं. पडवी, आगर, माजघर असे शब्द मुलांना घरादाराच्या पातळीवरच अडवू लागले आणि ठिपके पंधराच्या वर गेले. ते पुस्तक टाकाऊ ठरलं असं अजिबात नाही. ते मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवलं.

ठरली ती शहरातल्या एका शाळकरी मुलाच्या साहसांची १३२ पानी कादंबरी. बहुतेकांचे ठिपके पाच ते नऊ. आणखी दोन गोष्टी तिच्या बाजूने होत्या. प्रकरणं लहान, चार-सहा पानांची. आणि त्याच नायकाची पुढची पुस्तकं बाजारात मिळत होती. एकाच लेखकाचं, एकाच मालिकेतलं सलग वाचावं, हा भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांचा जुना आग्रह आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. लेखकाचे लाडके शब्द ठरलेले असतात, ते दुसऱ्या पुस्तकात पुन्हा हजर होतात.

तिघांत एक प्रत, म्हणजे आठ. शिक्षकांची एक धरून नऊ. दीडशे रुपयांच्या आसपास किंमत धरली तर साडेतेराशे रुपये. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा खर्च ठेवताना ‘वाचनालयासाठी पुस्तकं’ असं मोघम न मागता एकाच पुस्तकाच्या नऊ प्रती का हव्यात ते सांगावं लागलं. नऊ वेगळी पुस्तकं घेतली असती तर हा प्रयोग झालाच नसता. गावातल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीच्या सार्वजनिक वाचनालयात एखादी प्रत सापडते, तेवढी आणावी. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाच्या झेरॉक्स मात्र काढू नयेत.

शिक्षकाची पेन्सिल

वर्गात पुस्तक उघडण्याआधी शिक्षकाने ते पूर्ण वाचायला हवं, हातात पेन्सिल घेऊन. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं कोसळतं, कारण कोणता शब्द पुढे परत येणार आहे हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळत नाही.

खुणा तीन. गोल: हा शब्द शिकवायचा. बरोबरची खूण: हा आत्ता गोष्ट कळण्यापुरता एका दमात सांगून मोकळं व्हायचं. नागमोडी रेघ: इथे मुलं न अडखळता चुकतील (याबद्दल पुढे). बाकी सगळे शब्द सोडून द्यायचे. सोडून देणं शिक्षकाला फार जड जातं. ‘हाही सांगितला असता तर’ असं वाटत राहतं. पण अनोळखी शब्दांपैकी बहुतेक सोडण्यासाठीच असतात, आणि ते सोडले तरच थोडे नीट हाती लागतात.

गोल कशाला करायचा, याला कसोटी हवी. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन या अमेरिकी अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. पहिला रोजच्या बोलण्यातला, तो शिकवावा लागत नाही. तिसरा एखाद्या विषयापुरता, जसं प्रकाशसंश्लेषण. मधला थर असा, की जो कुठल्याही लिखाणात भेटेल, पण घरच्या बोलण्यात सहसा येत नाही. शिकवायचा तो हा. या कादंबरीतून असे शब्द झुपक्यांनी निघाले. बोलण्याचे: पुटपुटणे, कुजबुजणे, खेकसणे, डाफरणे, चाचरणे. बघण्याचे: न्याहाळणे, निरखणे, टेहळणे. मनाचे: हिरमुसणे, ओशाळणे, खजील होणे, बिथरणे, कावराबावरा होणे. शोधाचे: चाहूल, सुगावा, कानोसा, मागोवा. साहसकथेला हे शब्द लागतातच, म्हणून ते दहा-पंधरा पानांनी फिरून येतात. पुस्तकात तीनदा तरी येणारे किंवा ज्यांची बाहेर हमखास गरज पडेल असेच शब्द ठेवले. आधी शंभराच्या वर गोल झाले होते, ते कापून ७२ वर आणले. नऊ आठवडे, आठवड्याला आठ.

पस्तीस मिनिटं

आठवड्याला तीन तासिका, एका तासिकेत पाच पानं. नऊ आठवड्यांत पुस्तक संपतं. तासिकेची वाटणी अशी होती.

पहिली तीन मिनिटं काल काय झालं ते मुलांकडून ऐकायचं, आणि ज्या एक-दोन शब्दांवाचून आजचा प्रसंगच कळणार नाही तेवढे आधी सांगून टाकायचे. मग अठरा मिनिटं वाचन. तीन पानं शिक्षक मोठ्याने वाचतात, मुलं पुस्तकात बोट ठेवून मागे येतात. उरलेली दोन पानं तिघा-तिघांचे गट हलक्या आवाजात वाचतात. शिक्षकाचं वाचन म्हणजे मुलांच्या वाचनातून पळवाट नव्हे. संशोधक वॉर्विक एली यांनी १९८९ साली न्यूझीलंडमधल्या मुलांवर केलेल्या कामात दिसलं होतं, की नुसती गोष्ट ऐकूनही शब्द मिळतात आणि वाचता वाचता थोडक्यात अर्थ सांगितला तर ती कमाई दुपटीहून वाढते. ‘थोडक्यात’ हा शब्द महत्त्वाचा. ‘खेकसला, म्हणजे अंगावर ओरडला’ इतकं बोलून पुढे जायचं. व्युत्पत्ती, समानार्थी, विरुद्धार्थी काही नाही. आवाज तसाच काढला तर तेवढंही सांगावं लागत नाही.

त्यानंतर नऊ मिनिटं मागे वळायची. त्या दिवसाचे दोन किंवा तीन गोल शब्द. वाक्य पुन्हा वाचायचं, अर्थ काय असेल ते विचारायचं, आणि लगेच दुसरा प्रश्न: ‘कशावरून?’ हा दुसरा प्रश्न चुकवू नये. ‘पावलांची चाहूल लागली तसा तो भिंतीला चिकटून उभा राहिला’ अशा वाक्यात मूल भिंतीकडे, पावलांकडे बोट दाखवतं आणि अंदाज जुळवतं. पण ‘तो हिरमुसला होऊन घरी आला’ यात बोट ठेवायला काहीच नाही. दमून, रागावून, आनंदाने, कसाही येऊ शकतो. अशा ठिकाणी अंदाज करायला लावणं म्हणजे चुकीचा अर्थ स्वतःहून रुजवणं, आणि पहिल्यांदा मनात बसलेला चुकीचा अर्थ उपटायला फार कष्ट पडतात. तिथे सरळ सांगायचं. संदर्भ मदत करतो की नाही, हे पेन्सिल हातात असतानाच ठरवून ठेवायचं.

शेवटची पाच मिनिटं एका मुलाने आजचा भाग आपल्या शब्दांत सांगायचा. अट एवढीच, की आजच्या शब्दांतला एक वापरायचा. बाकी बोली घरची चालेल.

न अडखळता होणारी चूक

आता नागमोडी रेघेबद्दल. या प्रकरणातली सर्वांत उपयोगी शिकवण इथली आहे.

पान-चाचणीत मूल ठिपका देतं तो शब्द माहीत नसला तर. पण वाक्यातला प्रत्येक शब्द माहीत असून अर्थ माहीत नसेल तर ठिपका पडतच नाही. ‘उशिरा केव्हातरी त्याचा डोळा लागला.’ डोळा माहीत, लागणं माहीत. दोघा-तिघांनी सांगितलं, डोळ्याला मार लागला. ‘त्याने तिथून काढता पाय घेतला’ याचा अर्थ झाला चप्पल काढली. ‘शेवटी सरांनी हात टेकले’ म्हणजे टेबलावर. ‘पोटात गोळा आला’ म्हणजे पोट दुखलं. मुलं बिनदिक्कत पुढे वाचत होती आणि दोन पानांनंतर गोष्ट कळेनाशी झाली की ‘पुस्तक अवघड हाय’ म्हणत होती.

वाक्प्रचार परीक्षेसाठी यादीने शिकवले जातात, पण धावत्या वाचनात ते ओळखू येत नाहीत. उपाय दोन. एक, शिक्षकाने रेघ मारलेल्या जागी थांबून ‘काय झालं?’ एवढंच विचारायचं, ‘अर्थ काय?’ असं विचारलं की मुलं सावध होतात आणि गप्प बसतात. दुसरा, त्या वाक्याचं चित्र काढायला सांगायचं. डोळा लागलेला मुलगा पट्टी बांधलेला दिसला की चूक कुठे आहे ते कुणाला सांगावं लागत नाही. चित्राला वेळ जातो, म्हणून आठवड्यातून एकदाच.

कोशात शब्द सापडत का नाही

मुलं कोशाला वैतागतात, कारण पुस्तकातला शब्द कोशात त्या रूपात नसतोच. ‘खिशातून’ शोधलं तर नाही, ‘पावलांनी’ नाही, ‘देवळात’ नाही. सामान्यरूप व्याकरणाच्या तासाला शिकवतात, पण त्याचा सर्वांत रोकडा उपयोग हाच आहे हे सांगितलं जात नाही.

फळ्याच्या कोपऱ्यावर कायमची लिहून ठेवलेली रीत अशी. आधी मागचा प्रत्यय किंवा शब्दयोगी काढून टाका: ने, ला, त, चा, वर, पाशी, तून. उरलेलं ‘खिशा’सारखं असेल तर ‘शा’चा ‘सा’ करून पाहा: खिसा, घसा, ससा. ‘ऱ्या’, ‘ळ्या’ असेल तर ‘रा’, ‘ळा’: वाऱ्याने म्हणजे वारा, विळ्याने म्हणजे विळा. आत ऱ्हस्व वेलांटी-उकार असेल तर दीर्घ करून पाहा: विहिरीत म्हणजे विहीर, फुलाला म्हणजे फूल. ‘व’ दिसला तर कधी कधी ‘ऊ’ शोधा: देवळात म्हणजे देऊळ, पावलांनी म्हणजे पाऊल. क्रियापद असेल तर शेपूट काढून ‘णे’ लावा: न्याहाळत, थबकला, पुटपुटून, सगळे ‘णे’खाली मिळतात. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत क आणि ज यांच्या जोडाक्षरांत. आपल्या शाळेतला कोश कोणत्या रीतीचा आहे ते पहिल्याच दिवशी दाखवून टाकावं.

एवढं करूनही ‘माळ्यावर’ अडकलं. कादंबरीतला मुलगा माळ्यावर लपतो. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरांत वाढलेल्या मुलांनी तो माळावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या रानात लपला असं धरलं. एकाने तर माळी आणला. माळा आणि माळी या दोन्हींचं सामान्यरूप ‘माळ्या’च, आणि माळ म्हटलं की ‘माळावर’. तिन्ही शेजारी लिहून दाखवल्यावर सुटलं. घराची रचना वेगळी असली की शब्द नुसता सांगून भागत नाही. माळवदाच्या घराचा आणि कौलारू घराचा छेद फळ्यावर काढावा, छपराखालची जागा दाखवावी. तेवढ्यात मुलांकडून ‘बळद’ (धान्य साठवायची बंदिस्त जागा), ‘ढाळज’ (वाड्याच्या दारालगतची बैठकीची जागा) हे शब्द आले, आणि ते वर्गातल्या अर्ध्या मुलांना नवे होते. त्यांचीही कार्डं झाली.

कार्डं आणि कप्पे

ए-फोर आकाराच्या जाड कागदाचे आठ तुकडे, हे एक-एक कार्ड. प्रत्येक गटाला ७२ कार्डांचा एक संच. आठ गटांचे मिळून ७२ कागद लागले. मुलाला स्वतंत्र संच देण्याची गरज नाही, तिघांनी एकमेकांना विचारण्यातच काम होतं.

पुढच्या बाजूला कादंबरीतलं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी ओळ, कोपऱ्यात पान क्रमांक. मागे मूळ रूप, अर्थ आणि मुलाने स्वतः केलेलं वाक्य. अर्थ मुलांच्या बोलीत लिहू दिला. ‘चाहूल: कोन्तरी येऊलालंय असं कळणं.’ काही पाहुण्या शिक्षकांना हे खटकलं. खटकायचं कारण नाही. नवा शब्द जुन्या शब्दाच्या खांद्यावरच उभा राहतो, आणि मुलाकडे जुना शब्द बोलीतलाच आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रमाण मराठी आहेच. ‘दस्ती’ म्हणणाऱ्या मुलाला ‘हातरुमाल’ शिकवताना दस्ती खोडायची नसते.

कार्डावर कोणती चूक होते ती सविस्तर सांगायला हवी. पहिल्या आठवड्यात नुसता ‘सुगावा’ लिहिला होता. मुलांनी वाक्यं केली: ‘मी सुगावा घेतला’, ‘मला कानोसा लागला’. अर्थ बरोबर, मराठी चुकीची. सुगावा लागतो, चाहूल लागते, हुरहूर लागते. कानोसा घेतात, मागोवा घेतात. धीर येतो, सुटतो, दिला जातो, पण लागत नाही. म्हणून नाम कधीही एकटं लिहायचं नाही, क्रियापदासकट लिहायचं. तसंच मनाच्या शब्दांत कुणाला आणि केव्हा हे लिहावं. ‘आई आजारी होती म्हणून मी खजील झालो’ असं एका मुलाने लिहिलं. खजील होण्यात आपलं चुकल्याची जाणीव असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कार्डावर ‘वाईट वाटणे’ एवढंच होतं. दुरुस्त कार्डावर आलं: ‘आपली चूक चौघांत उघडी पडल्यावर वाटतं ते.’

उजळणीसाठी चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे केले. ही रीत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांची, १९७० च्या दशकातली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. तो दर तासिकेला उघडायचा. उत्तर आलं की कार्ड दुसऱ्यात, जो आठवड्याने उघडतो. तिथेही आलं की तिसऱ्यात, तीन आठवड्यांनी. चुकलं की थेट पहिल्यात परत. वेळ काढला तो परिपाठाच्या आधीचा, पाच मिनिटं. दोन गटांत मुलं एकमेकांना दया दाखवून कार्डं पुढे सरकवत होती. मग विचारणारा दुसऱ्या गटातला असा नियम केला.

तपासणी

लेखी चाचणीत ‘अर्थ लिहा’ हा प्रश्न ठेवला नाही. तो पाठांतर मोजतो. त्याऐवजी दर तिसऱ्या आठवड्याला, आधी न सांगता, एकेका मुलाला आठ शब्द तोंडी. चार पायऱ्यांत नोंद: पाहिलेला नाही, पाहिल्यासारखा वाटतो, वाक्यात दिला तर कळतो, स्वतः वापरतो. बहुतेक शब्द तिसऱ्या पायरीवर थांबतात, आणि त्यात अपयश नाही. वाचताना कळणारे शब्द वापरण्यातल्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात, अगदी लेखकांचेसुद्धा.

क्रियापदं नामांपेक्षा चांगली टिकली. त्याचं कारण उघड आहे: डाफरणं, दबकणं, चाचरणं मुलं करून दाखवू शकत होती आणि मैदानावर एकमेकांना चिडवायला वापरतही होती. ‘मागोवा’ सर्वांत आधी गळाला, कारण तो पुस्तकात शेवटी दोनदाच येतो. तीनदा येण्याच्या कसोटीतून सूट देऊन तो ठेवला होता. निबंधात काही आठवडे नव्या शब्दांचा मारा झाला. प्रत्येक जण हिरमुसत होता आणि थबकत होता. त्यावर लाल शाई चालवली नाही. शब्द हातात खेळवल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही.

चार मुलांना मात्र या सगळ्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्यांची अडचण शब्दांची नव्हती. जोडाक्षर आणि रफार यांवर ती अडत, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरत. ऐकून त्यांना शब्द कळत होते, तोंडी तपासणीत ती मागे नव्हती. पण छापील पानातून शब्द मिळवण्यासाठी आधी वाचन सरळ व्हायला लागतं. त्यांना रोज दहा मिनिटं वेगळी द्यावी लागतात, कमी मजकुराची पुस्तकं घेऊन. कादंबरी त्यांनी ऐकावी. दोन्ही कामं एकाच तासिकेत उरकायला गेलं की ती चौघं आणि बाकीची वीस, सगळ्यांचंच नुकसान होतं.

दिवाळीनंतर

जी मुलं ऊसतोडीच्या फडावर जाणार होती त्यांच्यासाठी वेगळी तयारी केली. प्रत्येकाला तिसऱ्या कप्प्यातली नव्हे, तर पहिल्या-दुसऱ्या कप्प्यात अडकलेली वीस कार्डं रबर लावून दिली. मालिकेतल्या पुढच्या पुस्तकाची एक प्रत एकाच कारखान्याकडे जाणाऱ्या मुलांत मिळून दिली. शिक्षकांनी आधीच्या पुस्तकातली सहा प्रकरणं मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित केली आणि वडिलांच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. ध्वनिमुद्रण सात-आठ मिनिटांच्या वर नेऊ नये. मोठी फाइल उतरवायला कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत) नेटवर्क नसतं, आणि संध्याकाळी फोन मुकादमाच्या कामात अडकलेला असतो. ही ध्वनिमुद्रणं वर्गापुरती ठेवावीत, जाहीर टाकू नयेत. पुस्तकाचे हक्क लेखकाचे आहेत.

मार्चअखेर परतलेल्या मुलांना पुन्हा तोंडी विचारलं. नुसत्या कार्डांवर राहिलेले शब्द बरेच पुसट झाले होते. जे शब्द दुसऱ्या पुस्तकात किंवा ध्वनिमुद्रणात पुन्हा भेटले ते शाबूत होते, काही तर आधीपेक्षा पक्के. त्यामुळे पुढच्या वर्षी पैसे कुठे लावायचे ते ठरलं: कार्डांचे कागद कमी, मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाच्या चार प्रती जास्त. दुसरं पुस्तक हातात नसेल त्यांच्यासाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत; त्यातल्या साहसकथा शिक्षकांनी निवडून, ७२ पैकी किमान पाच शब्द येतात का ते पाहून द्याव्यात.

नव्या सातवीसाठी पहिलं पुस्तक तेच ठेवलं आहे. नऊ प्रती आहेत आणि शिक्षकाच्या प्रतीत खुणा तयार आहेत. बदल एवढाच, की ‘मागोवा’सह एकदा-दोनदाच येणारे शब्द यादीतून गेले, त्यांच्या जागी नागमोडी रेघेचे वाक्प्रचार आले, आणि पान-चाचणी नव्या मुलांवर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घ्यायची आहे. त्यांचे ठिपके अकराच्या वर गेले तर पुस्तक बदलावं लागेल, खुणा तयार असल्या तरी.